प्रवीणदादाची फुप्फुसं आणि पोर्चमधली भाषणं

प्रवीणदादा गेल्याचं मला दोनदा कळलं. पहिल्यांदा धुळ्याच्या दवाखान्यात, डॉक्टरांनी मेंदू मृत झाल्याचं सांगितलं तेव्हा. आणि नंतर फोनवर, ‘फुप्फुसं वापरता आली नाहीत’ म्हणून. ही दुसरी बातमी मला अजून पचलेली नाही.

दादा माझा चुलतभाऊ. एरंडोलच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. वरातीत घोडा दमायचा, दादा दमत नसे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, घुमी. लग्नात कोपरा धरून बसले की तो मुद्दाम येऊन विचारायचा, “काय वं मॅडम, तोंडमा मूग भरेल शेतस का?” त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला, तेव्हा डॉक्टरांचं इंग्रजी समजून घ्यायला घरच्यांनी मलाच पुढे ढकललं. अवयवदानाचं दादाच्या बायकोला, सुनंदावहिनीला, मीच समजावलं. तिने एवढंच विचारलं, “यासना सास कोनले तरी भेटी ना?” ‘हो, दादाचा श्वास कुणाला तरी मिळेल,’ मी म्हणाले.

काढलेली फुप्फुसं थंड द्रावणाने आतून धुतात, थोडी हवा भरून फुगलेलीच ठेवतात आणि त्याच द्रावणाच्या पिशवीत घालून बर्फाच्या पेटीत बंद करतात. थंडीने पेशींची भूक मंदावते... थांबत नाही. दवाखान्याच्या समन्वयक बाई हे मला दारात उभ्याउभ्या सांगत होत्या. गाडी सुरू होती, जळगावला विमान थांबलं होतं. पण पेटी बाहेर येताच आमच्या माणसांनी ती पोर्चमधल्या टेबलावर ठेवायला लावली. हार घातला. आपल्याकडे स्मशानात चिता पेटली की एकेक जण श्रद्धांजलीला उभा राहतो, तसं तिथेच सुरू झालं. गावचे पुढारी नाना यायचे होते, म्हणून आधी खोळंबा. आले, तर ‘एरंडोलच्या सुपुत्रा’वरून थेट स्वतःच्या कामांवर घसरले. समन्वयक बाई हात जोडत होत्या. एक काका त्यांच्यावर खेकसले, “बाई, दोन मिनिट! मयतले कोनी घाई करस का?”

कसली मयत? त्या पेटीतलं तेवढंच तर जिवंत होतं! ज्याच्यासाठी ते चाललं होतं, तो माणूस दूरच्या शहरात ऑपरेशनसाठी तयार होऊन पडला होता. मी पुढे होऊन नानांची बाही ओढली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मलाच म्हणाले, “रडू नको, बेटा.” शेवटी सगळ्यांनी स्तब्ध उभं राहून मौनही पाळलं. मगच गाडी सुटली. तिकडे पोचेपर्यंत फार वेळ झाला होता. डॉक्टरांनी पाहिलं आणि नाही म्हणाले. मीच ते वहिनीला सांगितलं.

उत्तरकार्याला मंडपात नाना पुन्हा माइक घेऊन उभे राहिले. ‘अवयवदानाचा आदर्श...’ एवढं म्हणतात तोच बायकांमधून वहिनी उठली आणि तिने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला.

“नाना, बसा खाले. तुमनं भाषन दवाखानामाच व्हयी गयं. त्यामाच यासना सास ग्या.”

नाना बसले. वाढपी जागच्या जागी थांबले. वहिनीला पुढे बोलायचं नव्हतं, आणि माइक बंद कसा करतात हे तिला माहीत नव्हतं... साऱ्या मंडपात, मोठ्याने, फक्त तिचा श्वास ऐकू येत राहिला.