वैद्याचं चिलखत

आमचे भाऊजी, म्हणजे उल्काताईचे यजमान दिगंबरराव, कोथरूडमध्ये स्कूटरवर हेल्मेट घालत नाहीत. केस बसतात म्हणे. कॉम्प्युटरवरच्या लढाईत मात्र त्यांच्या डोक्यावर दोन शिंगांचं लोखंडी शिरस्त्राण असतं, आणि ते निवडण्यात त्यांनी दिवाळीची अख्खी सुट्टी घालवली.

हा ऑनलाइन खेळ दोघं नवराबायको मिळून खेळायचे. त्यात प्रत्येकाला एक काम घ्यावं लागतं. ताई ढालकरी झाली: राक्षसासमोर उभं राहायचं आणि सगळ्यांच्या वाटचा मार खायचा. संसाराची सवय असल्यामुळे तिला ते लगेच जमलं. भाऊजी झाले वैद्य. वैद्याने मागे, सुरक्षित जागी राहून इतरांच्या जखमा भरायच्या. हे काम त्यांनी का घेतलं ते मी विचारलं नाही. झुरळ निघालं की ते अजूनही सोफ्यावर चढतात.

खेळात एक सोय आहे. अंगात काहीही असो, वरून हवा तो पोशाख दाखवता येतो. भाऊजींनी आपल्या वैद्याला काळं चिलखत चढवलं, छातीवर वाघाचं तोंड, पाठीवर दोन तलवारी. तलवारी नुसत्या दाखवायच्या. ताईच्या ढालकरणीला मात्र त्यांनी वाढदिवसाची भेट म्हणून पांढरा झगा आणि फुलांचा मुकुट दिला. "बायका अशाच बऱ्या दिसतात," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मार तू खायचास आणि शिंगं ह्यांना?"

"असू दे गं," ताई म्हणाली. "त्यांना तेवढंच."

मग बिबवेवाडीच्या मंतशाने चाचणी ठेवली. ती त्या खेळातल्या एका नावाजलेल्या चमूची प्रमुख. ताईला त्या चमूत जायचंच होतं. "कांदेपोह्यांनंतर मला कुणी कशासाठी निवडलेलं नाही," ती मला म्हणाली. हसत म्हणाली, पण मला ते लागलं.

चाचणीच्या रविवारी मी त्यांच्याकडेच जेवायला होते. मसालेभात तसाच निवत ठेवून दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. खेळात त्यांच्याबरोबर तीन नवखे खेळाडू होते, मंतशा सगळं बघत होती, आणि सगळ्यांचे आवाज स्पीकरवर ऐकू येत होते. गुहेतून राक्षस निघाला. नवख्यांनी एकदा फुलांच्या मुकुटाकडे पाहिलं, एकदा शिंगांकडे पाहिलं, आणि तिघेही भाऊजींच्या मागे जाऊन उभे राहिले.

"सर, तुम्ही आहात म्हणून टेन्शन नाही!" त्यातली शेफाली नावाची मुलगी म्हणाली.

सर! ऑफिसात ह्यांना शिपाईसुद्धा 'ओ दिगंबर' म्हणतो. भाऊजींची छाती खुर्चीतल्या खुर्चीत फुगली.

ताई एकटी पुढे झाली. फटक्यामागून फटका बसत होता, पण ती तसूभर हलली नाही. "अहो, औषध द्या!" ती ओरडली.

आता त्या खेळात औषध द्यायचं तर वैद्याला गुडघे टेकून हात जोडावे लागतात. एरवी भाऊजी ते मुकाट्याने करत. आज मागे तीन माणसं बघत होती. शिंगं, वाघ, दोन तलवारी, आणि सगळ्यांदेखत गुडघे टेकायचे?

"अहो, टेका ना!"

"थांब जरा," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी तलवार उपसली.

ताई पडली. राक्षस भाऊजींकडे वळला. नवखे पळाले, आणि त्यांच्याही पुढे शिंगं पळाली.

मंतशा मुलगी मोठी अदबीची. "उल्काताई, आपण आमच्याकडे या. इतका वेळ औषधाशिवाय कुणी तगत नाही. वैद्य म्हणून आमचा बिलाल आहे." मग म्हणाली, "सर, तुमचा ड्रेस मात्र मस्तंय."

मला आनंद झाला हे लपवणार नाही. मसालेभात मी दोनदा वाढून घेतला. भाऊजींनी पानात नुसती बोटं फिरवली.

आता दर रविवारी ताई त्या चमूतून लढते. झगा आणि मुकुट तिने काढून टाकला. बिलालच्या वैद्याच्या अंगावर गोणपाटासारखा मळकट अंगरखा आहे, शोभेचं काहीही नाही. परवा भाऊजी चहाचा कप घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि बराच वेळ पाहत होते.

"किती वेळा गुडघे टेकतो हा," ते शेवटी म्हणाले. "लाज नाही वाटत?"

ताईने पडद्यावरची नजर काढली नाही.

"तो टेकतो," ती म्हणाली, "म्हणून मी उभी आहे."