गवतातली नाचणी

माझं अक्षर वाकडं आहे आणि शुद्धलेखन मला कधी जमलं नाही. चौथी झाल्यावर शाळा सुटली ती सुटलीच. कुणी वाचलंच हे, तर चुका पोटात घाला. मुलीच्या जुन्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. मोठी माणसं गेली की त्यांच्यावर पेपरात लिहून येतं. माझ्या दादावर कोण लिहिणार? तो तबेल्यात म्हशींसाठी गवत कापायचा.

भाद्रपदात, एका सकाळी मी चारकोपच्या गाळ्यात शिवलेल्या कपड्यांचे दोरे कापत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "तुझा दादा गेला गं. ताप उतरला असं वाटलं होतं... ये तू." मी कातरी ठेवली, गाळ्यातल्या बाईंना सांगितलं आणि रिक्षा केली. जोगेश्वरीला पोचेपर्यंत रडू आलंच नाही. डोक्यात एकच विचार होता. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. 'आता ते कुणालाच कळणार नाही.' सख्खा भाऊ गेल्यावर माझ्या मनात पहिलं हे आलं.

ते काय, ते सांगते. पण आधी दादा सांगायला हवा. आमचं गाव महाडच्या वरच्या अंगाला. बाबा डोंगरउतारावर नाचणी करायचे. उन्हाळ्यात फांद्या, पाला, शेण, गवत थरावर थर रचायचं, वर माती पसरायची आणि पेटवून द्यायचं, याला आमच्याकडे राब भाजणं म्हणतात. भाजलेल्या जागेत रोपं करायची आणि उतार नांगरून ती लावायची. हेच मी लहानपणी पाहिलं, हेच मला येतं. तो उतार आता कुणी करत नाही, कारण तिथे माती उरली नाही. दादा म्हणायचा, "बाबांनी दरवर्षी उताराचे कपडे काढले आणि पावसात उभा केला. किती वर्षं टिकणार?"

दादा जोगेश्वरीच्या पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याच्या तबेल्यात तरुणपणीच लागला आणि तिथल्याच खोलीत राहायचा. मागचा गवताचा उतारही तबेल्याच्या शेठचाच. एका वर्षी नाचणीचं फाटकं पोतं त्याच्या हातून त्या उतारावर सांडलं आणि पावसाळा संपताना गवतातच मूठमूठभर कणसं उभी राहिली. कुणी नांगरलं नव्हतं, कुणी भाजलं नव्हतं. तिथून त्याने ध्यासच घेतला. वैशाखात गवत वाळून निजलेलं असतं, तेव्हा तो ते विळ्याने अगदी जमिनीलगत कापायचा, पण मूळ हलवायचा नाही. मग टोकदार पहारीने हातभर अंतरावर बारीक चिरा पाडायच्या, चिमूट चिमूट नाचणी सोडायची आणि पायाने दाबायची. पाऊस झाला की गवतही उठायचं आणि नाचणीही. गवत डोईजड व्हायला लागलं की ओळींमधलं तेवढं कापून म्हशींना. तबेल्यातली माणसं हसायची. "भाऊ, एवढ्या गवतात दाणा शोधणार कसा?" दादा म्हणायचा, "तू नको शोधू. तू दूध काढ." शेठची हरकत नव्हती, कारण त्याचं गवत कमी होत नव्हतं.

एकदा मी गेले तर दादाने मला उतारावर नेलं आणि काठी दिली. "त्या उघड्या वाटेवर खुपस." बोटभरही गेली नाही. "आता इथे, गवतात." काठी माझ्या मुठीपर्यंत आत गेली. दादा लहान मुलासारखा हसला. म्हणाला, "खाली मुळं जिवंत आहेत ना, तीच नांगरतात. अजून दोन-तीन वर्षं हात बसू दे, मग गावाला जाणार. बाबांच्या उतारावर आधी गवत आणायचं, मग त्यात नाचणी. थोडे पैसे बाजूला टाकलेत." मी मान हलवली, पण मला ते पटलं नव्हतं. त्याची कणसं बाबांच्या कणसांपेक्षा बारीक होती. मला वाटलं, दादा आता थकला, राब भाजायचे कष्ट नकोत म्हणून ही सगळी कारणं.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात वहिनी तिच्या आईच्या आजारपणासाठी गावी गेली होती. गाळ्याला सुट्टी होती म्हणून मी दादाला करून घालायला चार दिवस राहायला गेले. तिसऱ्या दिवशी तो टेम्पोबरोबर पेंड आणायला भांडुपला गेला. पहाटेचं दूध काढून तबेल्यातली माणसं दुपारची झोपली होती. मी एकटीच. उताराकडे बघून वाटलं, आज याला राब भाजून द्यावा. आल्यावर बघेल आणि खूश होईल... शेणाला काय तोटा? पाला गोळा केला, फांद्या ओढल्या, बाबांसारखे थर लावले, वर माती टाकली आणि बाबांसारखंच वाऱ्याच्या उलट अंगाने पेटवलं. पण बाबांच्या राबाभोवती मोकळी जमीन असायची. इथे चहूकडे वाळलेलं गवत. वारा फिरला आणि आग खाली धावली. खाली शेठने पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली गवताची मोठी गंज होती. मी ओरडले तेव्हा माणसं उठली, बादल्या मारल्या, म्हशी सोडल्या. म्हशी वाचल्या. गंज गेली. अर्धा उतार काळा झाला.

दादा आणि शेठ थोड्या अंतराने आले. शेठने विचारलं, "कुणी लावली?" मी दादाच्या खोलीच्या दारामागे उभी होते. मी पुढे आले नाही. लहानपणापासून चार माणसांत मला बोलता येत नाही, पण ते कारण नव्हे. मी घाबरले होते. दादाने एकदा माझ्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत काळे होते. मग तो म्हणाला, "मी राब पेटवून गेलो शेठ. विझला असं समजलो. गावची सवय."

शेठ त्याच्या आईवरून बोलला. दादाने ऐकून घेतलं. गंजीचे बावीस हजार ठरले, पगारातून कापायचे. मला दादा एवढंच म्हणाला, "हात धू. आणि चारकोपला जा, बस मिळेल." मी गेले.

त्या पावसाळ्यात उतार वाहिला. जिथे राब जळला होता तिथली मुळंही भाजली होती, आणि मातीला धरून ठेवायला काही राहिलं नाही. ओघळ पडले. लाल गाळ तबेल्याच्या गटारात भरला, तो शेठने दादाकडूनच उपसून घेतला. पाऊस गेला तेव्हा खाली मुरूम दिसत होता. मी गेले की वहिनी माझ्यासमोरच त्याला बोलायची. "स्वतःच्या हाताने पगार जाळणारा माणूस बघितलास का कधी? बघ, हा बसलाय." दादा चहा प्यायचा. मी बशीत बघायचे. पगार कापून संपेपर्यंत गावासाठी बाजूला टाकलेलं सगळं खर्ची पडलं. मग त्याने गावाचं नाव काढलं नाही. एकदा मी रुमालात पैसे बांधून नेले होते. म्हणाला, "वेडी आहेस का? पोरीची फी भर." मी रुमाल परत पिशवीत टाकला. खरं सांगते, फार आग्रह केला नाही.

पुढची वर्षं त्याने काय केलं, तर वरच्या बाजूचे गवताचे ठोंब मातीसकट काढून आणले आणि मुरमावर एक एक करून लावले. शेण आणि तबेल्याचं धुतलेलं पाणी बादलीने वर न्यायचं. पन्नाशी उलटलेला माणूस, गुडघे दुखायचे. पहिल्या वर्षी निम्मे मेले, पुन्हा लावले. मी रविवारी कधीतरी जाऊन ठोंब हातात द्यायचे. आम्ही त्या गोष्टीवर कधी बोललो नाही. गेल्या दोन वर्षांत गवताने जमीन झाकली, आणि या वैशाखात दादाने पुन्हा चिरा पाडून नाचणी सोडली. ती पोटरीत आली, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती, आणि त्याला ताप भरला.

कार्य आटोपल्यावर दोन आठवड्यांनी वहिनीचा फोन आला. "नाचणी तयार झालीय. मला एकटीला जमायची नाही." मी भिशीतल्या बायकांना विनवून माझा नंबर आधी लावून घेतला होता. ते पैसे घेऊन गेले. आम्ही दोघी उतारावर चढलो. वहिनी मुळातून उपटायला लागली, मी म्हटलं, "तसं नाही, फक्त कणसं. बाकी उभं ठेवायचं." ती म्हणाली, "तुला बरं माहीत." थोडा वेळ आम्ही नुसती कणसं खुडत होतो. मग मी तिच्याकडे पाठ करून सांगितलं. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

"वहिनी, तो राब मी पेटवला होता. दादा तेव्हा भांडुपला होता."

तिचा हात थांबला. मी वळले तर ती गवतात खाली बसली होती, कणसांची ओटी तशीच धरून.

"सहा वर्षं," ती म्हणाली. "सहा वर्षं मी त्या माणसाला ताटावर बसला की बोलले. आणि तू समोर बसून चहा प्यायचीस."

मी हो म्हटलं.

"तो तरी का गप्प बसला गं?"

मी पिशवीतून पैसे काढून तिच्यापुढे धरले. वाटलं, फेकून देईल. फेकून दिले असते तर बरं वाटलं असतं. तिने ओटीतली कणसं टोपलीत रिकामी केली, हात पदराला पुसले आणि पैसे घेतले. माझ्याकडे न बघता एक एक नोट मोजली. मध्येच चुकली, पुन्हा पहिल्यापासून मोजली.

"बावीस," ती म्हणाली. "पुरे आहेत."