लाजरसची फरशी

या पोस्टमध्ये गावाचं नाव नाही. प्रवासाच्या ब्लॉगवर ठिकाणाचं नाव न देणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरदेवाचं नाव गाळण्यासारखं आहे, हे मला कळतं. तरी देणार नाही. का देणार नाही ते वाचता वाचता कळेलच. गंगापूरपर्यंत मी तुम्हाला व्यवस्थित नेते, पुढचं विचारू नका. कमेंटमध्ये तर नकोच.

जायचं ठरलं ते आत्याच्या फोनमुळे. माझी आत्या बहात्तर वर्षांची, गंगापूरच्या पुढे एका गावात राहते. दोन नोव्हेंबरला कॅथलिक लोक आपल्या माणसांच्या कबरींवर फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. आमच्याकडे त्याला मयतांचा सण म्हणतात.

"सुमे, सणाला येतीस नव्हं?" आत्या म्हणाली. "येताना एक फरशी घिऊन ये. तुझ्या मामाचं नाव कोरून."

मामा म्हणजे आत्याचे यजमान. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. कबरीवर लोखंडी क्रूस आहे, नाव नाही.

"कुठलं नाव घालू?" मी विचारलं.

"कुठलं म्हंजी? खरं. लाजरस."

इथे थांबून सांगावं लागेल. आमच्यात प्रत्येकाला दोन नावं असतात, एक चर्चचं आणि एक शाळेचं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी, निजामाच्या अमलात, परदेशी फादर घोड्यावर बसून या भागात आले. शाळा काढली, दवाखाना काढला आणि एक विहीर खणली, जिच्यावर गावकुसाबाहेरच्या माणसाला स्वतःच्या हातानं पाणी शेंदता येत होतं. आमच्या पणजोबांना आधी देव दिसला की पाणी, मला माहीत नाही. मी असते तर पाणीच पाहिलं असतं. बाप्तिस्मा झाला की एखाद्या संताचं नाव मिळायचं. पुढे स्वातंत्र्य आलं, सवलती आल्या. आमच्या जातीचा माणूस हिंदू राहिला, शीख झाला, बौद्ध झाला तरी त्याचा जातीचा दाखला टिकतो. ख्रिस्ती झाला की जातो. जात मात्र जात नाही. चर्चमध्येही नाही, कुणाची सोयरीक जुळवायला बसा म्हणजे कळेल. तेव्हा लोकांनी आपला मार्ग काढला. चर्चच्या वहीत एक नाव, शाळेच्या हजेरीत दुसरं. लाजरसचा लहानू झाला, मार्थाची मथुरा झाली. पहिलं अक्षर शक्यतो तेच ठेवतात, म्हणजे चुकून तोंडातून निघालं तर मध्येच वळवता येतं.

फरशी मी इथेच शहरात, पुंडलिकनगरच्या घराजवळ करून घेतली. फूटभर लांबीरुंदीचा पांढरा संगमरवर. कोरणारे चाचा कागद बघून म्हणाले, "बाई, पूरा नाव बोलो. आडनाव?"

"आडनाव नको."

"तारीख?"

"तीपण नको. फक्त लाजरस."

"बिना आडनाव का आदमी पैली बार देखा," ते म्हणाले आणि कामाला लागले. अक्षर मात्र सुरेख काढलं त्यांनी, काळा रंग भरून.

आता रस्ता. मध्यवर्ती बसस्थानकावरून गंगापूरला जाणाऱ्या एसट्या सकाळपासून मिळतात, बायकांना अर्धं तिकीट. वाळूजपर्यंत कंपन्यांच्या बस आणि ट्रक तुम्हाला सोडत नाहीत, तिथे अर्धा तास हातचा धरून चला. मी खिडकीशी बसले, फरशी साडीत गुंडाळून मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "फोटो हाय का देवाचा?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची आम्हाला लहानपणापासून सवय असते, त्याला काही कष्ट पडत नाहीत.

गंगापूरच्या स्टँडबाहेर गरम भजी आणि कडक चहा घ्या, पुढे काही मिळत नाही. तिथून जीप. दहाजणांच्या जीपमध्ये चौदा भरल्याशिवाय ती हलत नाही, म्हणून घाई असेल तर येऊच नका. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये मध्ये कापूस, वेचणीच्या बायका वाकलेल्या. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "मिशनला का?" आख्खं गाव सोडून त्यानं नेमकं तेच विचारलं. तालुक्यात सगळ्यांना सगळं माहीत असतं. माहीत नसायचं नाटक फक्त कागदावर चालतं.

चर्च बघण्यासारखं आहे हे कबूल करते. काळ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, समोर लिंबाची झाडं आणि लाकडी चौकटीत टांगलेली घंटा. ती विहीरही अजून आहे, वर जाळी टाकलेली. आता सगळ्यांच्या घरी नळ आले. एकेकाळी इथल्या बोर्डिंगात पोरं मावत नसत, आज शाळेच्या निम्म्या खोल्यांना कुलूप आहे. तरणी माणसं वाळूजच्या कंपन्यांत गेली आणि रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, म्हातारे उरले. फादर लांबच्या राज्यातले, तरुण, पुस्तकातलं मराठी बोलणारे. मला म्हणाले, "आपले स्वागत असो." मला हसू आलं, पण माणूस भला आहे.

आत्याच्या घरात शिरले आणि पहिली नजर भिंतीवर गेली. क्रूस नव्हता. जिथे तो वर्षानुवर्षं टांगलेला होता तिथे चुन्यावर त्याच आकाराचा उजळ डाग होता आणि डागावर कॅलेंडर लावलं होतं. ते पुरत नव्हतं, क्रूसाचा आडवा दांडा दोन्ही बाजूंनी बाहेर दिसत होता.

"अंतोननं काढला," आत्या ताटात भाकरी टाकत म्हणाली. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. "पथक येणार हाय म्हनं."

अंतोन तिचं शेंडेफळ, माझा आतेभाऊ. शाळेचं नाव अमोल. बत्तीस वर्षांचा आहे. आठ वर्षं स्पर्धा परीक्षा देत शहरात एका खोलीत चौघांसोबत राहिला आणि यंदा पास झाला. नोकरी पक्की होण्याआधी जातीचा दाखला तपासला जातो, आणि चौकशीची माणसं गावात येऊन घर बघतात, शेजाऱ्यांना विचारतात. ती या महिन्यात कधीही येणार होती.

जेवण चाललं होतं आणि दारात मोटारसायकल थांबली. पाठीला बॅग, हातात मशीन घेतलेला माणूस. अमोल ताटावरून उठला.

"अंत्या, बघ रं कोन हाय," आत्या आतून म्हणाली.

अमोल जागच्या जागी थिजला. तो माणूस म्हणाला, "मीटर कुठंय?" विजेचं रीडिंग घ्यायला आला होता. फोटो काढून गेला. अमोलनं हात धुतले, पुन्हा जेवायला बसलाच नाही.

"आई, किती येळा सांगितलं? अमोल म्हण."

"तोंडात बसत नाय," ती म्हणाली.

मग मी फरशी काढली. मला वाटलं होतं तो निदान हात लावून बघेल. त्यानं दार लोटून घेतलं.

"ही बसवायची नाय, ताई."

"बापाच्या नावाची लाज वाटते?" मी म्हटलं. चुकलंच माझं, पण म्हटलं.

"दाखल्यावर बाप लहानू हाय. मिशनच्या जागेत आपल्या जातीतले समदेच पुरत्यात, क्रूसानं काय सिद्ध होत नाय; पन नावानं व्हतं. कबरीवर लाजरस घातलं आन् एकानं जरी फोटो काढून दिला, तर माझी आठ वर्षं मातीत. ते नाव कोनाच्या उपेगाचं हाय आता?"

"आत्याच्या."

"तुमची नोकरी कुठल्या दाखल्यावर हाय, ताई?"

एकोणीस वर्षं मी सरकारी ऑफिसात आहे. मी म्हणाले की आमच्या वेळी कोणी कबरी बघायला येत नव्हतं. हे उत्तर नव्हे, हे त्यालाही कळलं आणि मलाही. तो बाहेर निघून गेला.

आत्या भांडी आवरत होती. मी विचारलं, एवढी वर्षं क्रूसावर भागलं, आता फरशी कशाला.

"दर साली फादर कबरीपाशी येत्यात, कान खाली करत्यात," ती म्हणाली. "कोनाची कबर, ते आपुन कानात सांगायचं. मोठ्यानं नाय, कोनी ऐकंल. मेल्यावर बी कानातच? ती गोष्ट ठावं हाय नव्हं तुला? लाजरस मरून चार दिस झालं व्हतं. येशूनं थडग्यापाशी उभं ऱ्हाऊन नाव घिऊन हाक मारली, तवा तो उठला. नाव घिऊन, सुमे. उद्या हाक आली आन् हितं दगडावर नावच नसंल, तर ह्याला कळंल का आपल्यालाच बोलवत्यात?"

मी शिकलेली बाई. देव काही पाट्या वाचत फिरत नाही, असं तिला सांगू शकले असते. सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिस्सा झाली आणि सगळे कबरस्थानात गेले. ते चर्चच्या मागे, उसाच्या बांधाला लागून आहे. पाहुण्यांनी फोटो काढू नयेत, ही विनंती माझीच. जुन्या फादरांच्या कबरींवर नावं आहेत, लॅटिनमध्ये, जन्म-मृत्यूसकट. पुढे आमच्या लोकांच्या रांगा लागतात, तिथे नुसते क्रूस. कुठे एखादी तारीख, कुठे फक्त ‘आई’. फादर एकेका कबरीपाशी थांबत, वाकत, घरातलं कुणीतरी त्यांच्या कानाशी पुटपुटे आणि ते पवित्र पाणी शिंपडून पुढे जात. लहानपणी मला वाटायचं, हे सगळीकडे असंच असतं. लग्नानंतर शहरातल्या कबरस्थानात मोठी मोठी नावं वाचली तेव्हा कळलं की ही रीत फक्त भीतीची आहे.

आत्या फरशी पोटाशी धरून मामांच्या कबरीपाशी उकिडवी बसली होती. अमोल आला, हातात घमेलं आणि थापी. मला वाटलं, फरशी काढून घ्यायला आलाय. तो घमेलं बाजूला ठेवून आईसमोर बसला.

"आई, एक वर्ष थांब. दाखला हातात पडू दे."

"वर्सानं मी आसंन का?"

"नग ना आई."

फादर दोन रांगांवर आले होते. माणसं आमच्याकडे बघायला लागली. आत्यानं फरशी त्याच्या हातात दिली.

"उलटी बसव," ती म्हणाली.

"आँ?"

"नाव खाली करून बसव. वाचायचं त्याला हाय. तुला न् त्या पथकाला नाय."

अमोलनं खिशातून रुमाल काढला, अक्षरांत बसलेली धूळ पुसली, प्रत्येक अक्षराची वेगळी. सिमेंट पसरलं आणि फरशी पालथी ठेवून थापीच्या दांड्यानं ठोकून बसवली. वर नुसता पांढरा चौकोन राहिला.

फादर आले, त्यांनी कान खाली केला.

"लिवलंय की," आत्या म्हणाली.

त्यांनी कोऱ्या फरशीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. पाणी शिंपडलं आणि पुढे गेले.

कोणाला हा तोडगा गोड वाटेल. मला वाटला नाही. मला संताप आला होता. असा दाखला मागणाऱ्या कायद्याचा, एवढी वर्षं मुकाट कान खाली करणाऱ्या फादर लोकांचा, अमोलचा आणि सगळ्यात जास्त माझा, कारण तो तिथे बसून सिमेंट लावत होता आणि मी पगाराची माणूस त्याची लाज काढत होते. संध्याकाळच्या आत शेवटची जीप गाठली. ती चुकली तर गावात उतरायची सोय नाही, लक्षात ठेवा.

घरी आल्यावर सगळे फोटो पुसून टाकले, चर्चच्या घंटेचासुद्धा, कारण ती घंटा ओळखणारे लोक आहेत. या ब्लॉगच्या वर जे ‘सुमन’ दिसतं ते माझं शाळेचं नाव. दुसरं एक आहे, तेही ‘स’नंच सुरू होतं. या पोस्टखाली ते टाकावं असं फार मनात होतं. पण धाकटीची यंदा बारावी. तिचा जात पडताळणीचा अर्ज मीच भरलाय, धर्माच्या रकान्यासकट.

काल आत्याचा फोन आला. पथक येऊन गेलं होतं. घर बघितलं, शेजाऱ्यांना विचारलं आणि जाता जाता कबरस्थानातही गेलं. तिला सोबत नेलं. कोऱ्या फरशीपाशी थांबून एकानं विचारलं, हे कोण?

"मग काय सांगितलंस?"

"काय सांगनार. पोराची नोकरी हाय. लहानू म्हनले." मग म्हणाली, "तिथंच उभी व्हते, सुमे, त्याच्या उशाशी. मोठ्यानं म्हनले. त्यानं ऐकलं आसंल का गं?"

"नसेल ऐकलं, आत्या."

"तुला काय म्हाईत," ती म्हणाली आणि फोन ठेवला.