ज्याचं लाकूड त्याची पोपटी

आमच्या गावात थंडी पडली की नाही हे थर्मामीटरवरून नव्हे, अध्यक्षकाकांच्या माकडटोपीवरून कळायचं. गाव म्हणजे दुबईहून वर उत्तरेला, रस अल खैमाच्या पुढे, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला डोंगर पोखरणारा सिमेंटचा कारखाना. जानेवारीत पहाटे सोळा डिग्री व्हायचं आणि तेवढ्यावर आमची चौदा मराठी कुटुंबं हिमालयात निघाल्यासारखी स्वेटर चढवायची. पण त्यांना फार हसू नये. वर्षातले आठ महिने एसीपुढे काढलेल्या माणसाला उघड्यावर बसून हुडहुडी भरली, की एकदम श्रीमंत झाल्यासारखं वाटतं.

त्या दोन-अडीच महिन्यांत आमच्या मराठी मंडळाला नुसता ऊत यायचा. शुक्रवारची सुट्टी. एका शुक्रवारी समुद्रावर क्रिकेट, एका शुक्रवारी वाळूत रस्सीखेच, आणि सगळ्यांत मोठा कार्यक्रम म्हणजे गावाबाहेरच्या झाडांखाली दिवसभराची सहल. सहलीची नोटीस अध्यक्षकाका स्वतः लिहायचे, ऑफिसात तिच्या झेरॉक्स काढायचे आणि प्रत्येक प्रतीवर शेवटची ओळ जाड पेनाने पुन्हा गिरवायचे: फॅमिलीज ओन्ली.

ही ओळ मला सोळाव्या वर्षी खुपायला लागली, आणि त्यात आईचा हात होता. आखातात येण्याआधी ती पुण्यात बायकांच्या एका संघटनेत होती. येताना तिने दागिने आणले नव्हते, ट्रंकभर पत्रकं आणली होती. महागाईविरुद्ध, हुंड्याविरुद्ध, वस्तीतल्या नळासाठी. मी मराठी वाचायला शिकले ती त्या ट्रंकेतून. शाळेतल्या मुली पऱ्यांच्या गोष्टी वाचत होत्या तेव्हा मला ‘जाहीर निषेध’ न चुकता लिहिता येत होतं.

आता पोपटीबद्दल सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं. पोपटी म्हणजे अलिबागकडचं थंडीतलं खाणं. मातीच्या मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, जाडं मीठ आणि ओवा भरायचा, तोंडाशी पाला कोंबायचा, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. आत ना पाणी ना तेल. अध्यक्षकाकांचा जन्म अलिबागचा, बाकी सगळं आयुष्य दादरचं. तरी आदल्या वर्षीच्या सहलीत त्यांनी “यंदा पोपटी मी लावणार” असं जाहीर केलं होतं. रस्त्याकडेच्या बाजारातून त्यांनी स्वतः घासाघीस करून मडकं आणलं. ते मडकं नव्हतं, कुंडी होती. तळाला भोक होतं. काकांनी ती सरळ ठेवली, खाली बार्बेक्यूचा कोळसा पेटवला आणि सगळी वाफ अरबी आकाशात सोडून दिली. खालच्या शेंगांचा कोळसा झाला, वरच्या तशाच हिरव्या राहिल्या. शेवटी एका बकरीने ती पोपटी खाल्ली. तीसुद्धा निवडून निवडून.

पुढच्या थंडीच्या सुरुवातीला आमच्या बाल्कनीच्या कठड्याचं वेल्डिंग सुटलं. बाबा कारखान्यात इंजिनिअर होते. त्यांनी तिथल्या एका वेल्डरला घरी बोलावलं. पस्तिशीचा, सडपातळ माणूस. काम संपवून त्याने दुधाच्या पावडरीच्या डब्यात लावलेल्या पानओव्याचं एक पान तोडलं आणि बराच वेळ हुंगत राहिला.

“वहिनी, ही पानं कशाला लावलीत?”

“भज्यांना,” आई म्हणाली.

“पोपटीला चालतील. आमच्याकडं भांबुर्डीचा पाला घालतात, पण ही पण वास धरतील.”

त्याचं गाव अलिबागच्या पुढे. पाच हिवाळे त्याने पोपटी खाल्ली नव्हती. त्याला दोन वर्षांनी एकदा सुट्टी मिळायची, ती कारखाना बंद असायचा तेव्हा, ऑगस्टात.

“शेंगा येतात तेव्हा मी इथं आणि मी जातो तेव्हा शेंगा नाय,” तो हसत म्हणाला. “धाकटीला फोनवर विचारतो, पोपटी खाल्लीस का गो? ती म्हणते, खाल्ली. मग मी विचारतो, कशी होती? मग ती सांगत बसते आणि इकडं कार्ड संपतं.”

“मग आमच्या सहलीला या ना,” मी म्हणाले.

“मी बॅचलर ना गो बाय.”

दोन मुलांचा बाप हे बोलत होता. आमच्याकडे बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याचा पगार बायको-मुलांना व्हिसा मिळण्याइतका नाही, तो बॅचलर. एका खोलीत सहा-सहा असे ते कारखान्यामागच्या कॅम्पात राहायचे. मंडळाच्या नोटिशीतली शेवटची ओळ दरवर्षी त्यांच्यासाठीच गिरवली जात होती, हे मला त्या दिवशी बाल्कनीत उभ्या उभ्या कळलं.

मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘हिवाळा कोणाच्या मालकीचा?’ आत सात मागण्या आणि अकरा उद्गारचिन्हं होती. कार्बन पेपर लावून सहा प्रती काढल्या. चौथ्या प्रतीनंतर क्रांती फारच पुसट होते, पण इलाज नव्हता. संक्रांत आली होती आणि आईने घरोघरी पाठवायला तिळाच्या लाडवांचे डबे भरले होते. मी कमिटीच्या सहा डब्यांत लाडवांच्या खाली एकेक पत्रक घडी करून ठेवलं आणि स्वतः पोचवून आले.

यात माझा एक हिशेब चुकला. संक्रांतीचा लाडू खाल्लेल्या माणसाला गोड बोलणं भाग असतं. मला हवं होतं भांडण. सहा घरांतून फोन आले आणि सहाही जण मधाळ बोलले. अध्यक्षकाका तर दातावर दात ठेवून म्हणाले, “बेटा, अक्षर फार सुंदर आहे हो तुझं. असंच लिहीत जा.” त्यानंतर त्यांनी बाबांना फोनवर घेतलं. बाबांचा चेहरा पांढरा झाला.

“अगं, इथे पत्रकं वाटत नाहीत! व्हिसा जाईल माझा!”

“मी तुला पत्रकं वाचायला दिली होती,” आई म्हणाली. “डब्यात घालायला नव्हती दिली. आणि ‘शोषण’ चुकलंय.”

पण विषय निघाला होता, त्यामुळे कमिटी आमच्याच हॉलमध्ये बसली. काकांनी माकडटोपी काढून मांडीवर ठेवली.

“प्रिन्सिपल म्हणून तुझं करेक्ट आहे, बेटा. पण रूल इज रूल. एकाला बोलावलं की त्याच्या रूमचे सहा येणार, सहाचे साठ होणार. लेडीज असतात, मुलं असतात. समझा करो.”

“गेल्या वर्षी बकरीला घातली पोपटी,” काकू, म्हणजे त्यांच्या मिसेस, शांतपणे म्हणाल्या. “यंदाही तिलाच घालायची असेल तर नका बोलावू त्याला.”

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग त्यांचा चेहरा उजळला. “खलास! आपण त्याला कुक म्हणून बोलावू. कुकला फॅमिली लागत नाही.”

ठराव पास झाला. त्याचं ताट वेगळं, तो येईल त्या कंपनीच्या पिकअपपाशी द्यायचं, असंही कोणीतरी सुचवलं आणि कोणीच नाही म्हटलं नाही. मी उठून जाहीर केलं की मी सहलीला येईन, पण जोवर तो माणूस सगळ्यांबरोबर बसून जेवत नाही तोवर एक शेंग तोंडात घालणार नाही.

“येणार आहेस ना?” आई म्हणाली. “मग बहिष्कार नको म्हणू, डाएट म्हण.”

शुक्रवारी सकाळी तो कंपनीच्या पिकअपमधून आला. दोन मडकी आणली होती, दोन्ही बिनभोकाची. काकांनी दुबईच्या ‘बर दुबई’ बाजारातून शेंगा आणवल्या होत्या, आमच्या बाल्कनीतला पानओवा मी मुळापर्यंत छाटून दिला होता. मी गाडीत बसले आणि काच वर केली. मग बोलणं ऐकू यावं म्हणून चार बोटं खाली घेतली.

“यल्ला, सुरू करा,” काका म्हणाले आणि कोळशाचं पोतं पुढे ढकललं.

“कोळशावर कबाब होतात, साहेब. याला जाळ लागतो. लाकूड कुठंय?”

“ते तुम्ही बघा ना.”

“मी एकट्यानं आणलं तर सगळी मलाच खावी लागंल,” तो अगदी गंभीरपणे म्हणाला. “आमच्या गावात लाकूड आणील त्याचीच पोपटी. नाय आणलं त्याला नाय. सरपंच असला तरी.”

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू आधीच पदर खोचून निघाल्या होत्या. पाठोपाठ चौदा कुटुंबं वाळूत पांगली. पडक्या बागेतल्या खजुराच्या वाळक्या झावळ्या, फळांची मोडकी खोकी, काटेरी झुडपं. अकाउंट्स मॅनेजर एक ओंडका ओढत आणत होते आणि तो ओंडका त्यांना ओढत होता. एक लहान मुलगा विचारत होता, “मम्मा, इज धिस वुड ऑर गार्बेज?” अध्यक्षकाका सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठी झावळी घेऊन आले. तिचे काटे माकडटोपीत अडकले होते. ते खूप खूश दिसत होते.

मी गाडीत होते.

जाळ झाला. अर्ध्या तासाने त्याने मडक्यावर पाण्याचा हबका मारला, चर्र आवाज आला आणि तो म्हणाला, “झाली.” काकूंनी टेबलावर कागदी प्लेटी मांडल्या होत्या, एक प्लेट झाकून पिकअपच्या बॉनेटवर ठेवली होती. त्याने प्लेटींकडे पाहिलंसुद्धा नाही. वाळूत वर्तमानपत्रं पसरली आणि सगळं मडकं त्यावर रिकामं केलं. पांढऱ्या वाफेचा असा लोट उठला, की माझ्या चार बोटांच्या फटीतून तो आत आला आणि डाएट फारच अवघड झालं.

“पोपटी वाढत नाय, वहिनी. ढिगाभोवती बसायचं.”

आणि तो बसला. गरम शेंग दातांत धरून दाणे कसे ओढायचे हे त्याच्याशिवाय कोणालाच येत नव्हतं, म्हणून सगळे त्याच्या भोवती बसले. कोण कुठे बसलं याचा विचार करायला कोणाला सुचलंच नाही. त्याने पहिली शेंग तोंडात घातली, डोळे मिटले आणि बराच वेळ चावत राहिला. 

माझ्या सात मागण्यांतली मुख्य मागणी मान्य झाली होती, तीही पत्रकाशिवाय. मी गाडीतून उतरले आणि ढिगापाशी जाऊन बसले.

“लाकूड?” त्याने विचारलं.

मला वाटलं थट्टा आहे. त्याने हात आडवा धरला.

“पत्रक वाचलं मी तुझं. अध्यक्ष साहेबांनी दाखवलं. झ्याक लिवलंस. पण लाकूड नाय आणलंस गो बाय.”

चौदा कुटुंबं हसली. काका सर्वांत मोठ्याने. “रूल इज रूल, बेटा!” आईने माझ्याकडे पाहिलं आणि एक बटाटा सोलायला घेतला. माझ्यासाठी नव्हे.

“दुसरं मडकं आहे,” तो म्हणाला. “खोलीतल्यांसाठी. त्याला लाकूड लागंल.”

मी तासभर लाकडं गोळा केली. एकटीने. दोन्ही हात ओरबाडले गेले आणि सँडल तुटलं. मला राग आला होता, पण कोणाचा ते ठरत नव्हतं. सगळ्यांसाठी लिहिणारी मी, आणि सकाळपासून फक्त माझ्याच हाताला राख लागली नव्हती.

चारच्या सुमाराला दुसरं मडकं उतरलं. मडकं फुटू नये म्हणून गरम वाळूच्या टबात बसवून न्यायचं होतं आणि पिकअप एव्हाना कारखान्यात परत गेली होती. काकांच्या मोठ्या गाडीत जागा होती. काकांनी आभाळाकडे पाहिलं, गाडीच्या नव्या सीटकडे पाहिलं आणि म्हणाले, “चला.” वेल्डर पुढे बसला, आई-बाबा आणि मी मागे. मडकं माझ्या पायांत होतं.

कारखान्यामागचा कॅम्प काकांनी बारा वर्षांत आतून पाहिला नव्हता. मीही नव्हता पाहिला, आणि त्यावर सात मागण्या लिहिल्या होत्या. अंगणात दोऱ्यांवर कामावरचे निळे डांगरी कपडे वाळत होते. खोलीतले पाच जण बाहेर आले, कोणीतरी आईसाठी खुर्ची आणली, ती तिने घेतली नाही. जुना चादरीचा तुकडा पसरला, मडकं उपडं झालं. पाचांतला सर्वांत वयस्क माणूस सोलापूरकडचा होता. त्याने आधी विचारलं, “लाकूड कुणाचं?”

“हिचं,” वेल्डर म्हणाला. “सगळं हिचंच.”

पहिली शेंग मला मिळाली. ओव्याचा, मिठाचा आणि धुराचा वास. एकही मागणी न करता मी दुसरी शेंग उचलली. आई-बाबांना त्याचं फार आश्चर्य वाटलं असं नंतर कळलं.

“आणि मला?” काकांनी विचारलं.

“साहेब, तुम्ही गाडी आणली. गाडी जळत नाय.”

काका असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. सोलापूरकडच्या माणसाने सरकून त्यांना जागा केली आणि अर्धी शेंग दिली. ती त्यांनी सालीसकट खाल्ली.

पुढच्या वर्षीच्या नोटिशीतही फॅमिलीज ओन्ली होतं, तसंच गिरवलेलं. ती ओळ चूक होती हे मी आजही म्हणते, आणि काकांना भेटेन तेव्हा तोंडावरही म्हणेन. फक्त त्याखाली काकांनी एक नवी ओळ घातली होती: प्रत्येकाने लाकूड आणावे. आणि सहलीच्या दुसऱ्या दिवशी, नोटीस वगैरे न काढता, ते पुन्हा मडकं घेऊन कॅम्पात गेले. या वेळी गाडीच्या टपावर झावळ्या बांधलेल्या होत्या.

पण त्या पहिल्या संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा वेल्डर फाटकाशेजारच्या फोन बूथमध्ये उभा होता. दार उघडंच होतं. एका हाताने रिसीव्हर धरून दुसऱ्या हाताने तो हवेत मडकं उपडं करून दाखवत होता, जसं काही पलीकडून दिसणार होतं.

“हो गो, खाल्ली,” तो सांगत होता. “आता तू विचार ना. विचार, कशी होती.”