बाबांच्या ताटातली वाटी

शेजारच्या फ्लॅटमधून मटणाच्या रश्श्याचा वास आला आणि मी दुधीची भाजी पुढ्यात घेऊन तसाच बसून राहिलो. युरिक ॲसिड वाढल्यापासून माझं मटण, सुकट, कोळंबी सगळं बंद आहे.

वीसेक वर्षांपूर्वी बाबांचंही असंच बंद होतं. त्यांच्या पायाचा अंगठा सुजून लाल व्हायचा, चादरीचा स्पर्शही सोसवायचा नाही. तेव्हा आमच्या गावी, बाळकुमला, चुलतभावाच्या हळदीचं जेवण होतं. पंगतीत बाबांनी मटणाची वाटी घेतलेली पाहिली आणि मी तरातरा जाऊन ती सगळ्यांसमोर उचलली.

"डॉक्टरांनी नको सांगितलंय ना? परत पाय सुजला की सुट्टी मलाच टाकावी लागते!"

"चार माणसांत नको रे, बाला," बाबा हळूच म्हणाले. समोरचं कोणीतरी हसलं. बाबा भाताला हातही न लावता लंगडत उठले.

त्यानंतर ते गावात कुठल्याच पंगतीला बसले नाहीत. बोलावणं आलं की पाय दुखतोय म्हणायचे, दुखत नसला तरी. मी मात्र पथ्य पाळलं जातंय म्हणून खूश होतो.

खरं तर मला त्यांच्या दुखण्याचा कंटाळा आला होता, आणि ते त्यांनी त्या दिवशीच ओळखलं असणार.