नीरु कळणारं घर

एका मंगळवारी माझी बायको वारली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

रजा संपत आली, तसं मी तिला दिवसभर सांभाळणारं कुणी शोधू लागलो. धाराशिवातलं एक पाळणाघर स्वच्छ होतं, भिंतींवर चित्रं होती. तिथं मुलगी "नीरु, नीरु" म्हणत रडत राहिली आणि बाई मला विचारत राहिल्या, "नीरू कोण? मावशी का?"

नीरु म्हणजे पाणी. बायको सीमेपलीकडची, ती लेकीशी कानडीतच बोलायची. मला त्यातले आठ-दहाच शब्द येत.

आणखी दोन घरं पाहिली. तिथंही तेच झालं. मी थकून गेलो होतो.

शेवटी मागच्या गल्लीतल्या, मूळच्या सीमेजवळच्या मुरूम गावच्या एका आजींकडे गेलो. खोली अंधारी होती, दारात शेळी बांधलेली. मुलीनं पुन्हा तेच मागितलं. आजींनी पेला भरला. "बा, कुडी," म्हणाल्या, म्हणजे ये, पी. ती गेली आणि प्यायली.

"लेकराला कानडी येतंय की! तुम्हाला न्हाय व्हय?"

"नाही येत."

"मग तुम्ही बी बसा हितंच शिकायला."

मुलीला दिवसभर तिथंच ठेवू लागलो. आता संध्याकाळी घरात मी आणि ती, आम्ही दोघंच असतो, आणि तिचं निम्मं बोलणं मला कळत नाही.