यान चालवावं कुणी?

पाणबुडीत बावीस वर्षं स्वयंपाक केलेला माणूस घुम्या असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्याने आमच्या पाणबुडेकाकांकडे एकदा चहाला जाऊन यावं. पाणबुडे हे आडनाव नव्हे, गल्लीने ठेवलेलं नाव. समोरच्या खुर्चीत ठाण मांडून बसलेले असतात ते त्यांचे मेहुणे, वायुदलातले निवृत्त मेकॅनिक. दोघांचा वाद एकच आणि तोही रोजचा: माणसं घेऊन अवकाशात जाणारं यान कुठल्या दलाच्या हाती द्यावं?

"उडायचंय ना? मग वायुदल. त्यात विचारायचं काय, दाजी?"

"उडणं दहा मिनिटांचं! पुढे महिनोन्‌महिने बंद डब्यात एकमेकांच्या उरावर कोण राहणार? तुमच्या वैमानिकांना संध्याकाळी घरचं जेवण लागतं. ते काम नौदलाचंच."

"आधी बशा उचला, मग यानं उडवा," काकू म्हणायच्या.

गंमत बघा, दोघांच्या नाकावर टिच्चून काकांची लेक गेली भूदलात, डॉक्टर झाली, आणि यानासाठी नाव निघालं ते तिचंच! पण निवड अजून अर्धीच होती. जमिनीवरच्या एका नकली यानात दोन वैमानिकांबरोबर तीस दिवस कोंडून राहायचं. जो मध्येच बाहेर आला त्याचं नाव कटलं. आठवड्याला घरचं एक पत्र आत जाणार, आतलं एक बाहेर येणार, बस्स. घरचं पत्र काकाच लिहायचे.

अठराव्या दिवशी काका माळ्यावरचं मोठं पातेलं काढायला स्टुलावर चढले. जेवणारी माणसं तीन, तीही मेहुण्यांना धरून, पण साठ जणांचा स्वयंपाक केलेल्या माणसाला लहान भांडं दिसतच नाही, त्याला कोण काय करणार! पातेल्यासकट खाली आले. उजवं मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. आणि दुसऱ्याच दिवशी पत्र जायचं होतं.

"पोरीला काही कळवायचं नाही," काकांनी फर्मान काढलं. "पाणबुडीत हाच कायदा. घरची वाईट बातमी माणूस बंदराला लागल्यावरच द्यायची. आत बसून तो करणार काय, डोकं आपटून घेणार?"

मेहुणे भडकले. "आमच्याकडे साधा स्क्रू ढिला असला तरी वहीत लिहितात, वैमानिकाला दाखवतात. लपवलेला बिघाडच घात करतो, दाजी."

"मी काय बिघाड आहे?"

"चांगला मोठा!" काकू स्वयंपाकघरातून ओरडल्या.

पण प्लास्टरातल्या हाताने लिहिणार कसं? काका सांगत गेले, मेहुणे लिहीत गेले: सगळं ठीक, हवा छान, काळजी नसावी. शेवटी मेहुण्यांनी आपल्या मनाने दोन ओळी खरडल्या आणि पाकीट धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगूनही टाकलं. त्यांच्या पोटात काही राहतंय कुठे!

काकांचा पारा चढला. "पोरगी बाहेर आली तर पुन्हा तोंड दाखवू नका!" सहा दिवस अबोला. मेहुणे तरी रोज येऊन बसत होते. फोन वाजला की काका उचलायला काकूंना पुढे करायचे. पोरगी आली बाहेर की गेली इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

सातव्या दिवशी लेकीचं पत्र आलं. काकूंनी मोठ्याने वाचलं:

"बाबा, मामाचं अक्षर पाहिलं आणि वाटलं, तुम्ही गेलातच. मग खालच्या ओळी वाचल्या: मनगट मोडलंय, जीव शाबूत, जीभ जोरात. इतकी हसले की दोघं वैमानिक घाबरले. त्या ओळी नसत्या तर तिथल्या तिथे दार ठोकून बाहेर आले असते. आता तीस दिवस पुरे करूनच येते. हात उंचावर ठेवा."

मेहुण्यांनी घसा खाकरला. जिंकल्याचं भाषण सहा दिवसांपासून तयारच होतं.

"आई गेली तेव्हा मी पाण्याखाली होतो," काका एकदम म्हणाले. "वर आल्यावर सांगितलं, सव्वीस दिवसांनी. ते सव्वीस दिवस मी गाणी म्हणत स्वयंपाक केला. कुणी मला थांबवलं नाही. जन्मभर लोकांना सांगत आलो, कायदा बरोबर आहे म्हणून. सांगायला हवं होतं रे मला."

काकूंनी पत्राची घडी घातली आणि डोळ्यांना पदर लावला. मेहुण्यांनी भाषण गिळलं, खुर्ची जवळ ओढली आणि दाजींचा हात उचलून उशीवर नीट ठेवला.